हसता हसता सुटलेली गोळी : 'बॉनी अँड क्लाइड'वरचा वाद, १९६७-६८

बँकेबाहेर गाडी चालू ठेवून थांब, एवढंच काम सी. डब्ल्यू. मॉसला सांगितलेलं असतं. हा पेट्रोल पंपावरचा पोरगा. इंजिनातलं त्याला सगळं कळतं, बाकी डोक्याच्या नावाने आनंदच. समोरची एक गाडी निघते, जागा रिकामी होते, आणि हा पठ्ठ्या शहाण्यासारखा मागेपुढे करत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आपली गाडी नीट लावून टाकतो. बॉनी आणि क्लाइड पैसे घेऊन धावत बाहेर येतात, तर गाडी जागेवर नाही. मग आरडाओरडा, पुढच्या गाडीला धक्का, मागच्या गाडीला धक्का. थिएटरात हशा. कशीबशी गाडी सुटते तेवढ्यात बँकेतला एक वयस्क माणूस पळत येऊन तिच्या पायरीवर चढतो आणि खिडकीला लोंबकळतो. क्लाइड वळतो आणि काचेतून त्याच्या तोंडावर गोळी झाडतो. फुटलेली काच, रक्त, माणसाचा चेहरा, सगळं एकाच चौकटीत. पुढच्या दृश्यात तिघं एका सिनेमागृहाच्या अंधारात बसलेली आहेत. पडद्यावर पैशाचं गाणं चाललंय, क्लाइड मॉसला झापतोय, बॉनीला मात्र सिनेमा बघायचाय.

१९३०च्या दशकातल्या अमेरिकन दरोडेखोर जोडीवरच्या, आर्थर पेनने दिग्दर्शित केलेल्या 'बॉनी अँड क्लाइड'वर ऑगस्ट १९६७ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत अमेरिकेत जो वाद झाला, त्याचं मूळ या प्रसंगात आहे. सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट साधारण अशी सांगतात : जुने समीक्षक सिनेमावर तुटून पडले, तरुणांनी तो डोक्यावर घेतला, एका बाईंनी लांबलचक लेख लिहून तो वाचवला आणि तिथून नवं हॉलिवूड सुरू झालं. गोष्ट छान आहे, सांगायलाही सोपी आहे, फक्त तारखा लावून बघितल्या की निम्मी ढासळते. दुसरं म्हणजे, ज्यांना हा सिनेमा आवडला नाही त्यांनी तो नीट पाहिला नव्हता, हे मला मान्य नाही. त्यांनी तो चांगलाच डोळे उघडे ठेवून पाहिला होता. त्यांचं गणित बिघडलं ते खुर्च्यांवर बसलेल्या लोकांबद्दल.

सिनेमा आला कुठून

पटकथा डेव्हिड न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन या जोडगोळीची. दोघंही 'एस्क्वायर' मासिकातले. बेंटन मूळचा टेक्ससचा, म्हणजे या दरोडेखोरांच्या गोष्टी ऐकतच वाढलेला. दोघांवर फ्रेंच न्यू वेव्हची, म्हणजे साचे मोडणाऱ्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांच्या लाटेची, भुरळ. त्यांनी आधी त्या लाटेतल्या फ्रान्स्वा त्रुफोला गळ घातली. त्याने सूचना दिल्या, पण सिनेमा घेतला नाही. मग त्याच लाटेतल्या गोदारशी बोलणी झाली, तीही फिसकटली. हे सांगायचं कारण एवढंच, की विनोद आणि खून एका दमात दाखवायची या पटकथेची खोड तिकडून आलेली आहे. टेक्ससच्या लाल मातीत ती नव्हती.

पुढे अभिनेता वॉरन बेट्टीने पटकथा विकत घेतली. निर्माताही तोच, क्लाइडही तोच. वॉर्नर ब्रदर्सने सुमारे २५ लाख डॉलर खर्चाला परवानगी दिली. बेट्टीने मानधनात पडतं घेतलं आणि त्याबदल्यात गल्ल्यात ४० टक्के वाटा लिहून घेतला. असा वाटा उदारपणे देऊन टाकतात तो सिनेमा चालणार नाही याची खात्री असते तेव्हाच. मालक जॅक वॉर्नरला तयार सिनेमा बिलकूल पसंत पडला नाही. हा तुमच्याच स्टुडिओच्या जुन्या गँगस्टरपटांना केलेला मुजरा आहे, असं बेट्टीने समजावून पाहिलं, तर मुजरा म्हणजे काय असतं म्हणून म्हातारा उखडला, असा किस्सा आहे. तोवर कंपनी विकलीही गेली होती आणि जुलैमध्ये तिचं नाव वॉर्नर-सेव्हन आर्ट्स झालं. थोडक्यात, सिनेमा पोरका जन्माला आला.

तो उन्हाळा कसा होता हेही बघायला हवं. जुलै १९६७ मध्ये न्यूअर्कच्या दंगलीत २६ माणसं मेली, त्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये ४३. व्हिएतनामची लढाई रोज संध्याकाळी टीव्हीवर घरात येत होती. केनेडींच्या खुनाला चार वर्षंही झाली नव्हती. सिनेमाच्या शेवटी क्लाइडच्या डोक्याचा एक तुकडा उडताना दिसतो. तिथे केनेडींची हत्या आपल्या मनात होती, असं पेनने पुढे सांगितलं आहे. तो शेवट चार कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या गतींवर टिपला गेला आणि संकलक डीडी अ‍ॅलनने ते तुकडे असे जोडले, की शरीरं एकाच वेळी संथ तरंगतात आणि झटके खातात. खाली पडायला त्यांना फार वेळ लागतो. आजही ते दृश्य लागलं की हॉलमध्ये कुणी बोलत नाही.

हॉलिवूडची जुनी आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं यावर स्टुडिओंनी स्वतःच घालून घेतलेली बंधनं, तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. बंदूक सुटताना एका चौकटीत दाखवायची आणि गोळी लागलेला माणूस दुसऱ्या चौकटीत, हा तिच्या काळात रुजलेला संकेत. बँकेबाहेरच्या त्या प्रसंगात पेनने तो मोडला. मधली फट गेली, त्यामुळे बघणाऱ्याला श्वास घ्यायला मिळत नाही.

क्राउदर

बॉस्ली क्राउदर १९४० पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मुख्य चित्रपट समीक्षक होते. परदेशी किंवा जरा वेगळा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये चालेल की पडेल, हे बऱ्याच अंशी त्यांच्या रकान्यावर ठरायचं. आज त्यांचं नाव निघतं ते काळाच्या मागे पडलेला म्हातारा म्हणून, आणि हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. युद्धानंतरचा इटालियन नववास्तववाद, म्हणजे साध्या माणसांच्या हालअपेष्टांचा सिनेमा, अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. रोसेलिनीच्या 'द मिरॅकल'वर धर्मनिंदेचा ठपका ठेवून न्यूयॉर्कमध्ये बंदी आली, तेव्हा ते बंदीच्या विरोधात उभे राहिले. १९५२ मध्ये त्या बंदीवरच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. मॅकार्थीच्या काळात, कम्युनिस्ट म्हणून माणसांच्या मागे लागणं चालू होतं तेव्हाही, त्यांची लेखणी गप्प नव्हती. अशा माणसाला रक्त बघून घेरी आली, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही.

त्या वर्षी त्यांचा पारा आधीच चढलेला होता. इटालियन वेस्टर्न आणि नवे युद्धपट यांत माणसं मारणं हीच करमणूक झाली आहे आणि लोक त्यावर खूश होतायत, अशी तक्रार त्यांनी उन्हाळ्यातच छापली होती. ४ ऑगस्टला माँट्रियलच्या महोत्सवात 'बॉनी अँड क्लाइड' पहिल्यांदा दाखवला गेला. लोकांनी भरभरून दाद दिली. क्राउदर तिथे हजर होते. त्यांचं पुढचं लिखाण वाचताना सारखं वाटत राहतं, की पडद्यावरच्या गोळ्यांइतक्याच त्या टाळ्याही त्यांना लागल्या असाव्यात.

१३ ऑगस्टला सिनेमा न्यूयॉर्कमधल्या दोन थिएटरांत लागला. १४ तारखेच्या अंकात क्राउदरांनी त्याला उभंआडवं घेतलं. हा सवंग, निर्लज्ज धांगडधिंगा आहे. त्या गलिच्छ आणि मठ्ठ जोडीने केलेली भीषण कृत्यं इथे मौजमजा म्हणून दाखवली आहेत. प्रहसन आणि निर्घृण खून यांची ही सरमिसळ जितकी निरर्थक तितकीच अभिरुचिहीन आहे, असा त्यांचा एकूण सूर.

आता आरोप एकेक करून तपासा. धांगडधिंगा आहे? आहे. पाठलाग सुरू झाला की मागे बँजो वाजतो आणि गाड्या शेतातून कोंबड्यांसारख्या पळतात. खुनाशेजारी विनोद आहे? आहेच, आणि मुद्दाम आहे. नायक-नायिका देखण्या आहेत, पोलीस कंटाळवाणे आहेत? तेही खरं. सिनेमाची जाहिरातच अशी होती : ते तरुण आहेत, प्रेमात आहेत आणि माणसं मारतात. क्राउदरांनी पडद्यावर नसलेलं काही पाहिलं, असं म्हणायला जागा नाही. पण थिएटरातल्या माणसाचं ते हसू शेवटपर्यंत तसंच राहणार, असं त्यांनी गृहीत धरलं. बँकेबाहेरच्या त्या गोळीनंतर हसू घशात अडकतं, आणि पुढचा तासभर प्रेक्षक प्रत्येक गमतीकडे जरा धास्तावून बघतो. ही घडामोड पडद्यावर दिसत नाही. ती बघायला मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघावं लागतं.

'टाइम्स'च्या वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि ती पत्रं क्राउदरांच्या विरोधात होती. त्यांनी माघार घेतली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा लेख लिहून आपलं म्हणणं आणखी ठासून मांडलं. एकाच सिनेमावर तीन तीन वेळा तुटून पडणारा समीक्षक स्वतःच बातमी होतो, आणि इथे तेच झालं. वर्षाअखेर ते पदावरून बाजूला झाले आणि जानेवारी १९६८ पासून ती जागा रेनाटा अ‍ॅडलर यांच्याकडे गेली. या सिनेमाने क्राउदरांची नोकरी खाल्ली, असं सर्रास छापलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. सत्तावीस वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसाला हलवायला एक सिनेमा पुरत नाही. फार तर निमित्त पुरतं. गंमत म्हणजे पुढे ते कोलंबिया पिक्चर्समध्ये सल्लागार म्हणून गेले. जन्मभर ज्यांची परीक्षणं केली, त्यांच्याच वाड्यावर.

एकाच सिनेमाचे दोन खेळ

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो जो मॉर्गनस्टर्न, 'न्यूजवीक'चा समीक्षक. त्याचं पहिलं परीक्षण २१ ऑगस्टच्या अंकात आलं. मंदबुद्धी गिऱ्हाइकांसाठी काढलेला गलिच्छ गोळीबार, अशा शब्दांत त्याने सिनेमा निकालात काढला. त्यानंतर तो बायकोला, म्हणजे अभिनेत्री पायपर लॉरीला, घेऊन साध्या थिएटरात तिकिटाच्या प्रेक्षकांबरोबर पुन्हा सिनेमाला गेला. आजूबाजूचे लोक त्यात बुडालेले होते, हसत होते, हादरत होते. पुढच्याच आठवड्यात, २८ ऑगस्टच्या अंकात, त्याने लिहिलं की माझं ते परीक्षण घोर अन्यायाचं आणि चुकीचं होतं, याचं मला वाईट वाटतं. आणि मग सिनेमातल्या हिंसेबद्दल सविस्तर दुसरा लेख.

मोठ्या साप्ताहिकात आठवड्याभरात उघडपणे मत फिरवणं तेव्हाही दुर्मीळ होतं, आजही आहे. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक पुष्कळ झालं, ते योग्यच आहे. पण त्यातली दुसरी बाजू निसटते. दोन खेळांमधे सिनेमाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलला होता तो हॉल. खासगी खेळात ओळखीच्या चार माणसांत बसून विनोद आणि खून हे दोन सुटे जिन्नस दिसतात, आणि मग सरमिसळ खटकते. भरल्या थिएटरात तीनशे लोक एकदम हसतात आणि एकदम गप्प होतात, तेव्हा ते दोन जिन्नस सुटे राहत नाहीत. समीक्षेच्या धंद्यातली ही मोठी अडचण आहे, आणि ती काही १९६७ मध्येच संपली असं नाही.

'टाइम'चं वळण याहून संथ, आणि कमी प्रामाणिक. ऑगस्टमध्ये त्यांनीही सिनेमाला झोडपलं होतं. ८ डिसेंबरच्या अंकात मात्र मुखपृष्ठावर चित्रकार रॉबर्ट राउशनबर्गने केलेलं 'बॉनी अँड क्लाइड'चं कोलाज झळकलं, आत हॉलिवूडच्या नव्या मोकळेपणावर मुख्य लेख, आणि त्यात हा वर्षातला सर्वोत्तम सिनेमा. मधल्या साडेतीन महिन्यांत वारा कुठून वाहतोय हे सगळ्यांनाच कळलं होतं.

केलबाईंनी सिनेमा वाचवला का?

पॉलीन केल तेव्हा कुठल्याच नियतकालिकात कायम नव्हत्या. त्यांचा 'बॉनी अँड क्लाइड'वरचा लेख 'न्यू रिपब्लिक'ने नाकारला. तो २१ ऑक्टोबर १९६७ च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये आला, हजारो शब्दांचा. या देशात चांगला सिनेमा काढावा आणि लोकांनी अंगावर धावून येऊ नये, असं करायचं तरी कसं, अशा सवालाने तो सुरू होतो. त्यांच्या पुढच्या पिढीतले किती तरी समीक्षक हा लेख वाचून समीक्षेकडे वळले.

लेखात एक छोटी नोंद आहे. केल यांच्याच रांगेत बसलेली एक बाई पहिल्या भागात आपल्या बरोबरच्यांना आनंदाने सांगत होती, विनोदी आहे, विनोदी आहे. थोड्या वेळाने तिने बोलणं सोडून दिलं. केल या नोंदीवर फार वेळ घालवत नाहीत, पण त्यांचा अख्खा मुद्दा तिच्यात आहे. आपण हसलो त्याची किंमत हा सिनेमा आपल्याकडून वसूल करतो, असं त्यांचं म्हणणं. हिंसा हाच त्याचा आशय आहे, ती काढली तर हातात काही उरत नाही. क्राउदर आणि केल एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते हे लक्षात घ्या. क्राउदर म्हणत होते, लोक हसतायत, केवढी ही शरम. केल म्हणत होत्या, थांबा, अजून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहा.

लेख मोठा आहे, यात शंका नाही. पण त्याने सिनेमा वाचवला, हे तारखांत बसत नाही. त्याच 'न्यूयॉर्कर'मध्ये पेनेलपी गिलियट यांनी ऑगस्टमध्येच सिनेमाची बाजू घेतली होती. शिकागोत रॉजर ईबर्ट, समीक्षक होऊन जेमतेम सहा महिने झालेला पंचविशीचा पोरगा, त्याने २५ सप्टेंबरला चार तारे देऊन याला अमेरिकन सिनेमातला मैलाचा दगड म्हटलं. गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची आहे याला काही अर्थ नाही, सिनेमा आत्ता काढलाय आणि तो आपल्याबद्दल आहे, असं त्याने लिहिलं. म्हणजे केल यांच्या आधीच बाजू घेणारे होते. आणि त्यांचा लेख छापून आला तोवर सिनेमा बहुतेक ठिकाणी पडद्यावरून उतरत चालला होता. लेखाचा खरा फायदा झाला तो केल यांनाच : १९६८ पासून 'न्यूयॉर्कर'ने त्यांना कायमची जागा दिली. त्यात वावगं काही नाही, त्यांचं ते हक्काचं होतं.

धंद्याची बाजू

मतांच्या मारामारीत वितरण विसरलं जातं. स्टुडिओला या सिनेमाकडून काही अपेक्षाच नव्हती. जीव अडकला होता 'कॅमलॉट'सारख्या खर्चिक संगीतिकेत. न्यूयॉर्कमध्ये 'बॉनी अँड क्लाइड'ला गर्दी होती, पण दक्षिणेकडे तो सप्टेंबरात टेक्ससच्या डेंटनपासून लावत नेला आणि ड्राइव्ह-इन थिएटरांत दुय्यम गोळीबारपट म्हणून टाकला. पाठीमागे जाहिरात नाही, आणि थिएटरं पुढच्या सिनेमांसाठी आधीच बोलून ठेवलेली. शरद ऋतू सरायच्या आत त्याचा पहिला फेरा आटोपला. त्या काळी एकदा उतरलेला सिनेमा पुन्हा थिएटरात चढवायचा म्हणजे दिव्यच.

तिकडे लंडनमध्ये मात्र सप्टेंबरात लागल्यापासून तो धो धो चालला. तिथला एक किस्सा बेट्टीने पुढे अनेकदा सांगितलाय. 'शेन' या जुन्या वेस्टर्नमध्ये बंदुकीचा बार कानठळ्या बसवणारा आहे. तसाच आवाज आपल्याला हवा म्हणून त्याने 'शेन'चा दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सला गाठून युक्ती विचारली होती आणि बाकीचा आवाज खाली, गोळ्यांचा वर, असं मिश्रण करून घेतलं होतं. लंडनच्या खेळाला बसला तर गोळ्या अगदी मिळमिळीत. धावत प्रोजेक्टरच्या खोलीत गेला. ऑपरेटर म्हणाला, काळजी नको, मी सगळं सुधारून घेतलंय. त्याने तक्ता करून ठेवला होता, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे उतरवायचा. इतकं वाईट मिश्रण मी 'शेन'नंतर पाहिलं नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. प्रेक्षक दचकावा म्हणून केलेली गोष्ट कारागिराला दोष वाटली. क्राउदरांचं म्हणणं यापेक्षा फार वेगळं होतं असं नाही.

मग 'टाइम'चं मुखपृष्ठ आलं. बेट्टीने ते हत्यार उचललं आणि स्टुडिओप्रमुख एलियट हायमनच्या मागे लकडा लावला : सिनेमा पुन्हा लावा. हायमन ऐकेना, कारण पुन्हा लावला आणि चालला तर ४० टक्के बेट्टीच्या खिशात जाणार. बेट्टीने कोर्टाची धमकी दिली. फेब्रुवारी १९६८ मध्ये, ऑस्करची नामांकनं जाहीर होण्याच्या सुमारास, सिनेमा पुन्हा लागला. नामांकनं दहा. पाचही मुख्य कलाकार त्यात : बेट्टी, फे डनअवे (बॉनी), मायकल जे. पोलार्ड, जीन हॅकमन, एस्टेल पार्सन्स. यावेळी रांगा लागल्या. २५ लाखांच्या या सिनेमाने पुढे अमेरिकेतच पाच कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला.

म्हणजे सिनेमा लोकांनी उचलला हे खरं, पण कुणीतरी तो पुन्हा लोकांसमोर नेला तेव्हाच. ज्याने नेला त्याचे पैसे त्यात अडकलेले होते, आणि तो देखणा, हट्टी आणि चिकट होता. समीक्षकांची भांडणं त्याच्या हातातलं साहित्य झाली, एवढंच त्यांचं श्रेय.

दरम्यान फॅशनवाल्यांनी हात धुऊन घेतले. थिअडोरा व्हॅन रंकलने डनअवेसाठी शिवलेले कपडे, लांब स्कर्ट, स्वेटर आणि तिरकी बेरे टोपी, पॅरिस-लंडनच्या दुकानांत लटकले. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्जी फेमने गायलेलं या जोडीवरचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. फ्रान्समध्ये गायक गेन्सबूर आणि अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांनी आपलं वेगळं गाणं काढलं.

ऑस्कर सोहळा ८ एप्रिलला ठरला होता. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि सोहळा १० एप्रिलवर गेला. दहातले दोनच पुरस्कार पदरात पडले : सहायक अभिनेत्री म्हणून पार्सन्सला, आणि छायालेखनासाठी बर्नेट गफीला. हा गफी जुन्या वळणाचा होता आणि चित्रीकरणात त्याचं पेनशी वाजलं होतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून जुनी आचारसंहिता गेली आणि वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. ती फक्त या सिनेमामुळे आली नाही, पण या सिनेमानंतर ती थोपवणं शक्यही नव्हतं.

क्राउदर जिथे बरोबर होते

एका मुद्द्यावर मात्र क्राउदरांना कुणी सरळ उत्तर दिलं नाही. ही माणसं खरी होती.

क्लाइड बॅरो आणि बॉनी पार्कर २३ मे १९३४ रोजी लुइझियानात गिब्सलँडजवळच्या रस्त्यावर मारले गेले. सहा पोलिसांची तुकडी दबा धरून बसली होती, सुमारे १३० गोळ्या झाडल्या. तोवर बॅरो टोळीच्या नावावर किमान १३ खून जमा होते. त्याच वर्षी १ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, टेक्ससमध्ये ग्रेपव्हाइनजवळ दोन तरुण गस्ती पोलीस मारले गेले. त्यांच्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं होतं. वाग्दत्त वधू त्याच्या दफनविधीला लग्नाचा पोशाख घालून आली. लोकांची सहानुभूती आटली ती या सुमारास. सिनेमात यातलं काही नाही. दुकानांतून बॉनीसारखे कपडे विकत घेणाऱ्या मुलींना हेही ठाऊक नसावं, की जून १९३३ च्या अपघातात बॉनीचा पाय इतका भाजला होता की पुढे तिला धड चालता येत नव्हतं, आणि क्लाइड तिला उचलून न्यायचा.

हे सुटलं तरी एक वेळ चालेल, सिनेमा सगळं दाखवू शकत नाही. फ्रँक हेमरचं तसं नाही. हा टेक्सस रेंजर्सचा माजी अधिकारी, त्या दबा धरलेल्या तुकडीचा म्होरक्या. सिनेमात ही जोडी त्याला पकडते, हातकड्या घालून त्याच्याबरोबर फोटो काढते, बॉनी त्याचं चुंबन घेते, तो तिच्या तोंडावर थुंकतो, मग त्याला होडीत टाकून पाण्यात सोडून देतात. शेवटचा हल्ला त्यामुळे एका अपमानित माणसाने उगवलेला सूड ठरतो. यातलं काहीएक घडलं नव्हतं. हेमर १९५५ मध्ये वारला होता, पण त्याची बायको आणि मुलगा हयात होते. त्यांनी वॉर्नरवर दावा लावला आणि १९७१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. क्लाइडची भावजय ब्लांशही जिवंत होती. पडद्यावर किंचाळणारी, भेदरलेली, हास्यास्पद ब्लांश साकारून पार्सन्सला ऑस्कर मिळालं. खऱ्या ब्लांशला ते चित्रण अजिबात रुचलं नाही. १९३३ च्या चकमकीत तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली होती.

केल यांचा यावरचा युक्तिवाद असा, की इतिहास वाकवणाऱ्या प्रतिष्ठित चित्रपटांवर तुम्ही कधी ओरडत नाही, मग इथेच का? टोला बिनतोड आहे, उत्तर म्हणून मात्र तोकडा. सोळाव्या शतकातल्या राजाचं चरित्र वाकवलं तर दावा लावायला कुणी येत नाही. हेमरबाईंना मात्र आपल्या मेलेल्या नवऱ्याची फजिती शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर बघावी लागली. क्राउदरांनी हिंसा आणि विनोद यांच्या मिश्रणावर इतका त्रागा केला, की या रास्त तक्रारीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ते एका बाबतीत हरले आणि त्यांची दुसरी बाबही तीत बुडाली.

हेमरची बाजू मांडणारा 'द हायवेमेन' नेटफ्लिक्सवर आला तो २०१९ मध्ये, केविन कॉस्नर आणि वूडी हॅरलसनला घेऊन. त्यात बॉनी आणि क्लाइडचे चेहरे जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेलेच नाहीत. प्रेक्षकाने त्यांच्या प्रेमात पडू नये, ही उघड खबरदारी. तो सिनेमा संथ आहे, नेकीने केलेला आहे, आणि त्यावरची परीक्षणं ना फार चिडलेली होती, ना फार हरखलेली.